उद्याच्या भाताचं काय?

बालमित्रांनो, आज आधी एक गणित सोडवू या. घाबरू नका, चौथीतल्या मुलांनाही येईल इतकं सोपं आहे. पाटी-पेन्सिल किंवा वही घ्या बरं!

आपल्या रस्त्यावर दिसतो तसा मध्यम बांध्याचा एक गावठी कुत्रा घ्या. त्याचं वजन समजा १५ किलो. त्याला दिवसाला साधारण पाव किलो कोरडा शिधा लागतो, असं धरून चालू. आता समजा, एका निवाऱ्यात अशी ५० कुत्री आहेत. कुणाचा पाय मोडलेला, कुणाला दिसत नाही, कुणी म्हातारं झालेलं. मग रोजचा शिधा किती? साडेबारा किलो. ३० दिवसांचा? ३७५ किलो. आणि वर्षाचा? साडेचार टनांहून जास्त! आता कोपऱ्यावरच्या दुकानात तांदळाचा भाव विचारा आणि गुणाकार करा. औषधं, पाणी, गॅस, साफसफाई करणाऱ्या माणसांचा पगार हे सगळं अजून बाजूलाच आहे, बरं का!

आलेलं उत्तर पाहून तुमचे डोळे मोठे झाले असतील. जखमी कुत्र्यांचे निवारे चालवणाऱ्या माणसांसमोर हेच उत्तर रोज सकाळी उभं असतं. त्यांना गणित सुटत नाही असं नाही. गणित सुटतं, पैसे पुरत नाहीत.

आपल्या पनवेलचंच बघा ना. मुंबई-पुणे जुना रस्ता आपल्याकडून जातो, द्रुतगती महामार्ग कळंबोलीपासून सुरू होतो आणि गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ सुद्धा पनवेलपासूनच निघतो. एवढे मोठे रस्ते जिथे भेटतात तिथे रात्रंदिवस गाड्या धावणारच, आणि गाडीखाली येणाऱ्या मुक्या जनावरांची संख्याही तिथे मोठी असणारच. अपघात झाला की दोन-चार माणसं थांबतात. कुणी पाणी पाजतं, कुणी रिक्षाचं भाडं देतं, कुणी डॉक्टरांना फोन लावतं. त्या दिवशी मदतीला हात कमी पडत नाहीत. पण पाय गमावलेला कुत्रा बरा झाला की पुढे आठ-दहा वर्षंही जगू शकतो. तितके दिवस सकाळ-संध्याकाळ त्याला भूक लागणार. थांबलेली माणसं केव्हाच आपापल्या कामाला गेलेली असतात. म्हणून निवाऱ्यातला खरा प्रश्न “कुत्र्याला कोण उचलणार?” हा नसतोच. “उद्याच्या भाताचं काय?” हा असतो.

हा प्रश्न आजचा नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या मुंबईत तो आला होता, आणि तेव्हाच्या लोकांनी त्याचं एक छान उत्तर शोधलं होतं. ती हकीकत ऐका.

मुंबईत तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. भटकी कुत्री वाढली म्हणून सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत ती मारायचा नियम केला होता. १८३२ साली ही मुदत जून महिन्यापर्यंत वाढवली. एका कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे बक्षीस मिळायचं. त्या काळी आठ आणे म्हणजे चांगलीच रक्कम! मग काय, काही शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात. ६ जून १८३२ हा नेमका पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी फोर्ट भागात संतापलेल्या जमावाने शिपायांना गाठलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि लष्कर बोलवावं लागलं. इतिहासात ही घटना ‘मुंबईतील कुत्र्यांवरून झालेली दंगल’ म्हणून नोंदलेली आहे.

दंगल चांगली नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिने एकाही कुत्र्याच्या पोटात घास गेला नाही. खरं काम त्यानंतर झालं. शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा. पण हलवायची म्हटली तरी ठेवायची कुठे? आणि खाऊ कोण घालणार? १८३४ साली पारशी व्यापारी जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वर भागात पांजरपोळ सुरू केली. म्हाताऱ्या, आजारी, बेवारस जनावरांसाठी हक्काची जागा! मुंबईला जाताना चेंबूरजवळ ‘पांजरापोळ’ हे नाव तुम्ही बसमध्ये कंडक्टरच्या तोंडून ऐकलं असेल. ते नाव याच संस्थेच्या जागेवरून आलेलं आहे. भुलेश्वरची पांजरपोळ आजही आहे. तिथे आता मुख्यतः गाई असतात.

आता गंमत पुढेच आहे. या शेठ लोकांजवळ पैसा भरपूर होता. एकदाच मोठी देणगी देऊन ते मोकळे झाले असते. देणग्या त्यांनी दिल्याच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. व्यापाऱ्यांनी एकत्र बसून आपल्याच मालावर एक छोटीशी पट्टी स्वखुशीने बसवून घेतली. कापूस, साखर असा माल विकला गेला की त्यातली अगदी थोडी रक्कम पांजरपोळीसाठी बाजूला निघायची. कुणाला जड जात नव्हतं आणि कुणाच्या दारात हात पसरावा लागत नव्हता. बाजार चालू असेपर्यंत जनावरांचं खाणं चालू. जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांच्या दयाळूपणाचं कौतुक तर करायचंच, पण त्यांच्या हिशेबाचं त्याहून जास्त करायचं!

हिशेब न करता केलेल्या कामाचं काय होतं, त्याचंही एक उदाहरण आहे. ते वाचून वाईट वाटेल, पण माहीत असायला हवं. १९१० साली तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरात सरकारने हजारो भटकी कुत्री पकडली. ती मारली नाहीत. होड्यांत घालून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. बेटावर ना खायला काही, ना गोडं पाणी. पुढे काय झालं ते सांगायला नको. कुत्री शहरातून ‘हलवली’ होती, एवढंच. वाचवली कुणीच नव्हती.

आपल्याकडे अगदी अलीकडे या गोष्टीची आठवण पुन्हा व्हावी असा प्रसंग आला. कुत्रा चावण्याच्या घटना वाढल्या होत्या, लहान मुलं जखमी होत होती. ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी न्यायची नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. लगेच प्रश्न आला, की एवढे निवारे आहेत कुठे आणि रोजचं खाणं येणार कुठून? २२ ऑगस्टला न्यायालयाने आदेशात बदल केला. नसबंदी करून, लस टोचून कुत्र्यांना त्यांच्या मूळ जागी सोडावं, फक्त रेबीज झालेली किंवा अंगावर धावणारी कुत्री सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असं सांगितलं. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची कुत्री मात्र निवाऱ्यात हलवावीत आणि परत तिथे सोडू नयेत, असा आदेश झाला. म्हणजे काही कुत्र्यांसाठी निवारा लागणारच. आणि निवारा म्हटला की फक्त भिंती आणि कुंपण नव्हे. रोजची दोन वेळची भांडी भरणं हाच निवाऱ्याचा मोठा खर्च!

हे खाणं येतं तरी कुठून? काही निवारे हॉटेलांतून उरलेला भात-पोळी आणतात, मटण-चिकनच्या दुकानांतून उरलेले तुकडे आणतात आणि मोठ्या पातेल्यात तांदळाबरोबर शिजवतात. बाकीचं देणग्यांवर. या व्यवस्थेचा धागा किती कच्चा असतो ते मार्च २०२० मध्ये दिसलं. करोनामुळे टाळेबंदी झाली आणि हॉटेलं एका दिवसात बंद पडली. उरलेलं अन्न बंद, घराबाहेर पडणारी माणसं बंद, देणगीदारांचे स्वतःचेच पगार अडलेले. तेव्हा भारतीय प्राणी कल्याण मंडळाला राज्यांना मुद्दाम कळवावं लागलं, की मुक्या जनावरांना खाऊ घालणाऱ्यांना अडवू नका. जो निवारा एकाच हॉटेलावर किंवा एकाच शेठवर अवलंबून, तो पहिल्यांदा अडचणीत. ज्याला पन्नास घरांतून थोडं थोडं येतं, त्याची दहा घरं थांबली तरी चाळीस चालू राहतात. हेही गणितच, नाही का?

थोड्याथोडक्यातून मोठं काम उभं करायची रीत आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठी गावोगावी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा होत असे. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. मूठभर ज्वारीने कुणाचं घर उपाशी राहिलं नाही, पण त्या मुठींवर कितीतरी मुलं शिकली. पांजरपोळीची पट्टी आणि हा मुष्टिफंड, दोन्ही सख्ख्या बहिणीच म्हणा ना!

तेव्हा मुलांनो, तुमच्या भागात एखादा निवारा असेल तर आई-बाबांबरोबर जाऊन आधी एवढंच विचारा, “तुम्हाला दर महिन्याला काय लागतं?” कुणाला तांदूळ हवा असेल, कुणाला जुनी चादर, कुणाला वर्तमानपत्रांची रद्दी. मग वर्गातल्या दहा जणांनी मिळून ठरवा. एका मुलाने महिन्याला एक किलो तांदूळ दिला तर दहा मुलांचे दहा किलो. आपल्या गणितातल्या ५० कुत्र्यांचा एक दिवसही पुरा होत नाही, खरं आहे! पण निवाऱ्याच्या माणसाला दर महिन्याच्या पाच तारखेला दहा किलो येणारच हे ठाऊक असलं, की त्याची तेवढी काळजी मिटते. वाढदिवसाला एकदाच पोतं देऊन वर्षभर विसरण्यापेक्षा हे बरं.

काय द्यायचं नाही तेही लिहून ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कुत्र्यांना बाधतात. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात. तिखट-मीठ नको. मोठ्या कुत्र्यांना दूध पचेलच असं नाही, पुष्कळांना त्याने जुलाब होतात. गोड बिस्किटांनी भूक तेवढ्यापुरती मरते, पण अंगाला काही लागत नाही. साधा भात, त्यात मांसाचे तुकडे किंवा उकडलेलं अंडं आणि जवळ स्वच्छ पाणी, हे चांगलं. बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर वाढू नका. थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यायचं असतं आणि डॉक्टरांना विचारून द्यायचं असतं.

आणि हे तर प्रत्येकाने पाठच करा. अनोळखी कुत्र्याला हाताने भरवायचं नाही. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही. ज्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच असते, त्याची नसबंदी झालेली असते. पण खाच आहे म्हणून तो चावणारच नाही, असं समजू नका. चावलाच किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, घरी लगेच सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. घरचे रागावतील म्हणून लपवायचं नाही. रेबीज एकदा झाला की जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो.

पालकांना एक विनंती. खाऊ घालायची हौस असेल तर जागा नीट निवडा. २०२३ च्या नियमांप्रमाणे सोसायटीत अशी जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायची असते. वेळ एकच ठेवा, उरलेलं उचला आणि नसबंदीसाठी महानगरपालिकेकडे पाठपुरावा करा. पिल्लं जन्मतच राहिली तर कितीही तांदूळ आणला तरी गणित कधीच जमणार नाही.

आता पुन्हा वही उघडा. तुमच्या वर्गात मुलं किती? प्रत्येकाने महिन्याला एक किलो दिला तर किती कुत्र्यांचा किती दिवसांचा शिधा होईल? पाव किलोचा हिशेब वर दिलेला आहेच. उत्तर काढून बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. बरोबर आलं, तर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपासून सुरुवात करता येईल.