चित्रणांत दडलेला पत्ता

रविवारीं पहाटे पश्चिम द्रुतगती महामार्गानें बोरिवलीहून घोडबंदराकडे, अथवा पूर्व द्रुतगती महामार्गानें मुलुंडहून ठाण्याकडे सायकलस्वारांचे जे जथे जातात, त्यांतील एखाद्याच्या शिरस्त्राणावर मुठींत मावेल एवढा कॅमेरा बसविलेला हटकून दिसतो. यालाच ‘ॲक्शन कॅमेरा’ म्हणतात. स्वार घरीं परतल्यावर सारें कुटुंब तें चित्रण पाहावयास बसतें, आणि कोणी तरी वडीलधारें माणूस विचारतें, “हें वळण कोठलें?” दुतर्फा एकसारख्या इमारती, मध्यें खांबांची रांग, पाट्या वाचाव्या तर त्या क्षणांत मागें पडलेल्या, स्वतः स्वारासही नक्की सांगतां येत नाहीं. उत्तर मात्र त्याच फायलींत लिहिलेलें असतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच.

हें उत्तर तेथें लिहितो कोण? कॅमेऱ्यांत एक लहानसें ग्राहकयंत्र असतें. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असून प्रत्येकांत अणुघड्याळ आहे. प्रत्येक उपग्रह आपली वेळ व आपलें स्थान अहोरात्र पुकारीत असतो. कोणत्या उपग्रहाची हांक किती विलंबानें कानीं आली, यावरून ग्राहकयंत्र त्याचें अंतर काढतें. रेडिओलहर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत सुमारें तीनशें मीटर जाते. तेव्हां येथें सारा व्यवहार घड्याळाचा आहे. तीन उपग्रहांवरून स्थान निघावें; परंतु कॅमेऱ्यांतील घड्याळ स्वस्त, त्याची चूक काढण्यास चौथा लागतो. वेळ नीट कळली म्हणजे ठिकाण कळतें, हें तत्त्व मुंबईस नवें नाहीं. १८२६ सालीं स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेचें एक मुख्य काम बंदरांतील जहाजांस अचूक वेळ पुरविण्याचें होतें, आणि ती वेळ घेऊनच खलाशी भर समुद्रांत आपले रेखांश काढीत.

सर्वच कॅमेऱ्यांत ही सोय नसते. गोप्रो कंपनीच्या २०१६ सालच्या ‘हिरो ५ ब्लॅक’मध्यें जीपीएस आलें; २०२३ च्या ‘हिरो १२’ मधून तें काढून टाकण्यांत आलें; आणि २०२४ च्या ‘हिरो १३’ मध्यें पुन्हां बसविण्यांत आलें. म्हणजे नवा व महाग कॅमेरा असला म्हणून तो जुन्याहून अधिक जाणता असेलच असें नाहीं. शिवाय सोय असूनही ती कॅमेऱ्याच्या यादींत बंद ठेवलेली असूं शकते, आणि मग पुढील सारा खटाटोप व्यर्थ होय.

आतां फायलीकडे वळावयास हरकत नाहीं. एमपी४ फाइल म्हणजे एकजिनसी वस्तु, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती स्वयंपाकघरांतील मिसळणाच्या डब्यासारखी आहे: बाहेरून झांकण एक, आंत वाट्या अनेक. एका वाटींत चित्र, दुसरींत आवाज, आणि गोप्रोच्या फायलींत आणखी एका वाटींत निव्वळ आंकडे असतात. चित्रण दाखविणारीं साधनें पहिल्या दोहोंस हात लावतात आणि उरलेल्यांकडे पाहतही नाहींत. म्हणूनच वर्षानुवर्षें चित्रण पाहणाऱ्यासही या वाटीचा पत्ता लागत नाहीं. या आंकड्यांच्या मांडणीस ‘जीपीएमएफ’ असें नांव असून कंपनीनेंच ती सर्वांस खुली करून दिली आहे. प्रत्येक नोंदीच्या आरंभीं चार अक्षरांचें नांव, मग आंकडे कोणत्या जातीचे, एकेक नोंद केवढी व अशा नोंदी किती, आणि त्यानंतर प्रत्यक्ष आंकडे, असा तिचा क्रम आहे. स्थानाच्या नोंदीचें नांव ‘जीपीएस५’. कारण तींत अक्षांश, रेखांश, उंची, जमिनीवरील वेग आणि चढउतार धरून होणारा वेग अशा पांच गोष्टी असतात. पुढील कॅमेऱ्यांत नऊ आंकड्यांची नोंद आली व तींत प्रत्येक बिंदूची वेळही जोडली गेली.

एक उदाहरण घेतल्यानें हें अधिक स्पष्ट होईल. अंधेरी स्टेशनाच्या परिसराचे अक्षांश सुमारें १९.१२ उत्तर व रेखांश सुमारें ७२.८५ पूर्व. फायलींत मात्र १९.१२ हा आंकडा कितीही शोधला तरी सांपडावयाचा नाहीं. तेथें १९१२००००० व ७२८५००००० असे पूर्णांक सांपडतील. दशांशांचा घोळ टाळण्याकरितां अंश एक कोटीनें गुणून ठेवलेले असतात, आणि कशाला कितीनें गुणलें आहे तें शेजारच्या ‘स्केल’ नांवाच्या नोंदींत प्रामाणिकपणें लिहिलेलें असतें. उंची व जमिनीवरील वेग एक हजारानें गुणलेले असतात. वेगाच्या रकान्यांत १०००० असेल तर तो सेकंदास दहा मीटर, म्हणजे तासास छत्तीस किलोमीटर झाला. असे पांच आंकडे सेकंदास सुमारें अठरा वेळां लिहिले जातात. अर्ध्या तासाच्या चित्रणांत बत्तीस हजारांवर नोंदी होतात, तरी चित्राच्या मानानें त्यांचें ओझें नगण्यच.

अंकांवरून अंतरही हातानें काढतां येतें. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे निमुळता होत जातो आणि मुंबईच्या अक्षांशावर सुमारें १०५ किलोमीटर भरतो. घाटकोपर स्टेशनाजवळचे अंक १९.०८६ व ७२.९०८ धरले, तर अंधेरीहून तें सरळ रेषेंत सुमारें सात किलोमीटर येतें. मॅट्रिकच्या वर्गांतील कोणताही विद्यार्थी पायथागोरसाच्या सिद्धांतानें एवढें करूं शकेल.

सारेच आंकडे हातानें काढण्याचें मात्र कारण नाहीं. फिल हार्वे या गृहस्थांनीं तयार केलेला ‘एक्झिफटूल’ हा विनामूल्य प्रोग्रॅम फायलीच्या पोटांतील नोंदी उलगडून दाखवितो. फक्त त्यास ‘आंतील नोंदीही काढ’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते, नाहीं तर तो वरवरची माहिती देऊन थांबतो. मिळालेली यादी ‘जीपीएक्स’ या रूपांत ठेवली कीं ती साधा मजकूर होते व बहुतेक सर्व नकाशांवर रेघ होऊन उमटते. दोन गोष्टींची सावधगिरी हवी. लांब चित्रण कॅमेरा आपण होऊन अनेक फायलींत तोडतो. प्रत्येक तुकड्यांत त्याचीच नोंद असते, म्हणून एक तुकडा राहिला तर रेघही तुटते. दुसरें असें कीं, चित्रण व्हॉट्सॲपवरून पाठवितांना तें दाबून लहान केलें जातें आणि त्या भानगडींत आंकड्यांची वाटी बहुधा गळून पडते. तेव्हां काम करावयाचें तें कार्डावरील मूळ फायलीच्या तंतोतंत प्रतीवरच.

येथवर काम कारकुनी आहे. खरा प्रश्न पुढें येतो: निघालेल्या आंकड्यांवर विश्वास किती ठेवावा? एक कोटीनें गुणलेला अंश म्हणजे शेवटचा अंक सुमारें एक सेंटिमीटराचा. हा निव्वळ देखावा होय. मोकळ्या आकाशाखालींही असल्या लहान ग्राहकयंत्राची चूक कांहीं मीटरांची असते, आणि उपनगरांत आकाश मोकळें कोठें आहे? अंधेरी-कुर्ला रस्त्यावर डोक्यावरून ८ जून २०१४ रोजीं सुरूं झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा पूल जातो. दोहों बाजूंस उंच इमारती. उपग्रहाची हांक थेट न येतां भिंतीवर आपटून येते, तिला अधिक वेळ लागतो, आणि यंत्र समजतें कीं उपग्रहच दूर आहे. परिणामीं नकाशावरील रेघ रस्ता सोडून शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवरून जाऊं लागते. आरे येथून निघणाऱ्या, ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरूं झालेल्या भुयारी मेट्रोंत तर ही हांक पोंचतच नाहीं.

कॅमेरा स्वतःची ही अडचण लपवीत नाहीं, हा त्याचा गुण मानला पाहिजे. नोंदींत आणखी एक आंकडा असतो: शून्य असेल तर स्थान मुळींच सांपडलेलें नाहीं, दोन असेल तर उंचीवांचून सांपडलें, तीन असेल तर उंचीसह सांपडलें. शेजारीं उपग्रहांची मांडणी कितपत अनुकूल होती याचा अंक शंभरानें गुणून दिलेला असतो. तो पांचशेंच्या आंत असला तर ठीक, वर गेला तर ते बिंदु बाजूस ठेवावे. कॅमेरा चालू करतांच चित्रण सुरूं केलें तर आरंभींच्या नोंदी शून्याच्याच असावयाच्या. निघण्यापूर्वीं मिनिट-दोन मिनिटें उघड्यावर उभें राहणें हा त्यावर सोपा उपाय.

उंचीच्या रकान्यांत मात्र शहाणीं माणसेंही फसतात. कित्येक कॅमेरे उंची समुद्रसपाटीपासून न देतां, पृथ्वीचा आकार गुळगुळीत मानून काढलेल्या एका गणिती पृष्ठभागापासून देतात. पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखें नाहीं. हिंदी महासागरावर श्रीलंकेच्या दक्षिणेस तें इतकें क्षीण आहे कीं तेथील सागरपृष्ठ या गणिती पृष्ठभागाच्या शंभर मीटरांहून खालीं आहे, आणि त्या खळग्याचा उतार मुंबईपर्यंत येतो. येथें हा फरक साठ मीटरांहून अधिक पडतो. म्हणून घाटकोपरच्या रस्त्यावरून जाणारा स्वार आंकड्यांत समुद्राच्या तळाशीं सायकल चालवीत असल्याचें दिसतें. कॅमेरा बिघडलेला नसतो. मोजमापाचें मूळ निराळें असतें, इतकेंच.

वेळेचीही अशीच गंमत आहे. नोंद जागतिक प्रमाणवेळेंत होते, भारतीय वेळेच्या साडेपांच तास मागें. रविवारीं पहाटे पांच वाजतां बोरिवलीहून निघालेल्या स्वाराच्या नोंदींत शनिवार रात्रीचे साडेअकरा दिसतात. दुहेरी घड्याळाचा हा अनुभव जुन्या मुंबईकरांस होता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालीं आली तरी येथें ‘मुंबई टाईम’ १९५५ पर्यंत रेंगाळली, आणि दोहोंत एकूणचाळीस मिनिटांचें अंतर होतें. तेव्हां गाडी चुकत असे. आतां तारीखच चुकते.

ही चूक कोठें महागांत पडेल? समजा, मुलुंडमध्यें एखाद्या स्वारास मोटारीनें धक्का दिला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. घटना कोणत्या दिवशीं, किती वाजतां व कोठें घडली, यावरच तेथें सारें अवलंबून. चित्रणाच्या पुराव्यासंबंधीं सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रांतूनच उद्भवला आहे. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीच्या आंत, म्हणजे दुपारीं तीनच्या आंत, दाखल झाला कीं नाहीं, असा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील व्हिडिओ चित्रण त्यांत पुढें आलें. कैलास गोरंट्याल यांच्या बाजूनें मुंबई उच्च न्यायालयानें २०१७ सालीं निवडणूक रद्द ठरविली, आणि १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम राखली. मूळ यंत्रच हजर न करतां प्रत दिली असेल, तर त्यासोबत कायद्यांत सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हें त्या निर्णयांत स्पष्ट झालें. त्या खटल्यांत मागूनही अधिकाऱ्यांनीं तें दिलें नाहीं, म्हणून तेवढी सवलत मिळाली. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष अधिनियम आला असून त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रांत फायलीचा ‘हॅश’ही द्यावा लागतो. हॅश म्हणजे सबंध फायलीवरून गणितानें काढलेली ओळखखूण. आंत एक अक्षर बदललें तरी ती बदलते. मूळ कार्डास हात न लावण्याचा आग्रह एवढ्याकरितांच आहे.

परंतु जी साक्ष मालकास उपयोगी पडते तीच त्याच्याविरुद्धही बोलूं शकते. डिसेंबर २०१२ मध्यें संगणकविषाणूंवरील औषधाचा जनक म्हणून प्रसिद्ध असलेला जॉन मॅकाफी हा पोलिसांस चुकवून फिरत असतां ‘व्हाइस’ मासिकानें त्याचें छायाचित्र छापलें; त्या छायाचित्राच्या फायलींत अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते, आणि तो ग्वाटेमालांत असल्याचें जगास कळलें. तें एक स्थिर चित्र होतें. ॲक्शन कॅमेऱ्याचें चित्रण सेकंदास अठरा वेळां बोलतें. जुलै २०२२ मध्यें गूगलनें मुंबईसह दहा भारतीय शहरांत रस्त्यांचीं चित्रें दाखविण्यास प्रारंभ केला. तीं टिपण्यांत अंधेरीच्या सीप्झमधील जेनेसिस ही कंपनी एक भागीदार होती. त्यांत लोकांचे चेहरे व गाड्यांचे क्रमांक पुसट केलेले असतात. घरगुती चित्रणास असा कोणी राखणदार नाहीं. रोज सकाळीं त्याच फाटकापासून निघणारी व तेथेंच संपणारी रेघ पाहिली कीं घर कोणतें, बाहेर पडण्याची वेळ कोणती आणि परत येण्यास किती अवकाश, हें कोणाही अनोळखी माणसास कळतें.

म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी कोणाच्या हातीं देण्यापूर्वीं तिची प्रत करावी, आणि ‘एफएफएमपेग’ या दुसऱ्या विनामूल्य प्रोग्रॅमकडून त्या प्रतींतील केवळ चित्र व आवाज यांच्या वाट्या नव्या डब्यांत ठेवून घ्याव्या. चित्र पुन्हां दाबावें लागत नसल्यानें त्याची प्रत मुळींच घटत नाहीं. झाल्यावर नवी फाइल पुन्हां एक्झिफटूलास दाखवावी. अक्षांश-रेखांशाची एकही ओळ निघाली नाहीं म्हणजे काम पुरें झालें. एवढ्यावरही फाटक, सोसायटीची पाटी आणि दारांत उभी असलेली गाडी चित्रांत राहतातच. तेव्हां आरंभींचीं व शेवटचीं दोन-तीन मिनिटें कापून टाकावीं लागतात, आणि हें काम कोणताही प्रोग्रॅम आपण होऊन करीत नाहीं.