करीमुद्दीन यांची दुरुस्ती

खासगीपणाच्या हक्काचा विषय निघाला की मंडळी थेट २४ ऑगस्ट २०१७ पासून सुरुवात करतात. पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायमूर्ती, सगळे एकमताने. त्या निकालाचं मोल मीही मानतो. पण घटनाकारांनी हा हक्क समजून-उमजून नाकारला होता, असं जे विद्वान चर्चासत्रांतून सांगत फिरतात त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. त्यांनी डिसेंबर १९४८ मधलं घटना समितीचं कामकाज वाचावं.

मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तेव्हा एक दुरुस्ती मांडली. माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये. वॉरंट निघावं ते शपथेवर दिलेल्या सबळ कारणानेच, आणि कुठे काय शोधायचं ते त्यात नेमकं लिहिलेलं असावं. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये असंच कलम घातलं होतं. सभागृहात त्यांनी ही दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली. फौजदारी संहितेत ही तरतूद आहेच, पण विधिमंडळाला तिला हात लावता येऊ नये म्हणून ती घटनेत हवी, हा त्यांचा मुद्दा. मग मतदानावरून गोंधळ झाला, प्रश्न पुढे ढकलला गेला आणि अखेर दुरुस्ती पडली. हे समजून-उमजून नाकारणं म्हणायचं? करीमुद्दीन यांचं नाव आज वऱ्हाडातही क्वचितच कुणी घेतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण त्या पराभवाची किंमत लगेच मोजावी लागली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायमूर्तींनी सांगितलं, घटनेत असं कलम नाही, तेव्हा आम्ही ते बाहेरून आणणार नाही.

१९६२ च्या निकालातले खरकसिंग उत्तर प्रदेशातले. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटले, तरी पोलिसांनी त्यांची हिस्टरी शीट उघडलीच. रात्री-अपरात्री शिपाई येऊन दार ठोठावायचे, हाका मारून उठवायचे. कोर्टाने या रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, पाळत मात्र चालू ठेवली. मागावर पोलीस असताना हिंडणं हे मोकळं हिंडणं नव्हे, हे न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमतात लिहिलं. ते मी विद्यार्थ्यांना आजही आधी वाचायला देतो.

१९७५ चा गोविंद निकाल खासगीपणाच्या हक्काकडे चाचपडतच पुढे सरकला. डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर फोन टॅपिंगला नियम मिळाले: गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत, फार तर सहा महिने. न्यायाधीशाची आगाऊ परवानगी मात्र कोर्टाने घातली नाही. सचिवांनी सही करायची आणि सचिवांच्याच समितीने ती तपासायची. माझा सगळा आक्षेप इथे आहे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यापाऱ्याच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. पण खटला उभा राहिला, म्हणूनच त्याला कळलं. आपल्या मोक्कासारख्या कडक कायद्यातसुद्धा आरोपीला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी आदेशाची प्रत द्यावी लागते. ज्याच्यावर खटलाच भरला नाही, त्याला कोण सांगणार?

टॅपिंगचा हा अधिकार कायम ठेवणारा २०२३ चा दूरसंचार कायदा १८ डिसेंबरला मांडला गेला आणि २१ तारखेला दोन्ही सभागृहांतून बाहेर पडला. विरोधी बाकांवरचे कितीतरी खासदार तेव्हा निलंबित होते. १९४८ मध्ये एका सदस्याच्या दुरुस्तीसाठी मसुदा समितीचा अध्यक्ष उठून बोलत होता. आज टॅपिंगचे आदेशही ठरावीक मुदतीत नष्ट करायचे असतात, आणि ते आधी न्यायाधीशापुढे ठेवा असा आग्रह धरणारं संसदेत मला कुणी दिसत नाही.