छोट्या रुळांवरची भिलाई लोको शेड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत इंजिनांच्या देखभालीची जागा करायची म्हणजे टर्नटेबल, कोळशाचा ढीग आणि पाण्याची उंच टाकी हवीच, हा समज वाफेच्या इंजिनांच्या काळातला असून परदेशी तयार संचांनी तो आजवर टिकवून धरला आहे. हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरील भिलाईची विद्युत लोको शेड, म्हणजे विजेच्या इंजिनांची तपासणी व दुरुस्ती करणारे आगार, नमुना म्हणून घेतली तर यांतले जवळजवळ काहीच लागत नाही. डब्ल्यूएजी-९ या मालवाहू इंजिनाला दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याने ते फिरवावे लागत नाही, आणि वीज वरच्या तारेतून मिळत असल्याने इंधन भरण्याचाही प्रश्न उरत नाही.

लागते ती वाळू. ओल्या किंवा तेलकट रुळावर जड मालगाडी उचलताना चाके जागीच फिरू लागतात, तेव्हा हवेच्या दाबाने चाकांपुढे वाळू सोडली जाते. ती दमट असली तर नळीत अडकते, म्हणून शेडमध्ये ती वाळवून, चाळून इंजिनाच्या पेट्यांत भरतात. प्रतिकृतीत मात्र खरी वाळू टाकली की खरेपणा येतो, असे मानणे चूक आहे. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, अर्ध्या मिलिमीटरचा कण चार सेंटिमीटरच्या खडीएवढा दिसतो, शिवाय सुटा कण इंजिनाच्या दातेरी चक्रांत शिरतो. त्यामुळे वस्त्रगाळ केलेली मातीची पूड पातळ फेव्हिकॉलने चिकटवणेच इष्ट.

पिट, म्हणजे इंजिनाखाली उतरून काम करण्यासाठी रुळांमध्ये खणलेला खंदक, शेवटी रंगवून दाखवता येतो, हाही असाच एक भ्रम. त्याची खोली सव्वा मीटर धरली तरी प्रतिकृतीत सुमारे १४ मिलिमीटर भरते आणि त्यावर स्लीपर नसतात, म्हणून मांडणीच्या पायाची फळी कापण्याचे काम रूळ बसवण्याच्या आधीच उरकावे लागते.

विद्युत शेडमध्ये सगळीकडे तार असते, हे गृहीतकही तपासून घ्यावे. क्रेनने इंजिनाचे भाग उचलण्याच्या जड दुरुस्तीच्या विभागावर तार ठेवता येत नाही. तपासणीच्या मार्गावर ती असते, पण २५,००० व्होल्टचा वीजपुरवठा आयसोलेटरने तोडून आणि तार जमिनीशी जोडूनच कामगार छतावर चढतात. प्रतिकृतीत वरची तार बहुधा शोभेचीच असते आणि वीज रुळांतून येते, तेव्हा आयसोलेटरचे काम रुळातील छोटी फट आणि एक बटण करते. साध्या डीसी पद्धतीत, म्हणजे रुळांत वीज सोडली की त्यावरचे प्रत्येक इंजिन चालते त्या पद्धतीत, इंजिन उभे करायच्या प्रत्येक मार्गाला अशी सोय नसेल, तर एक इंजिन हलवताना शेजारची सगळीच चालू लागतात.

शेडला फार जागा लागेल, ही भीती अर्धीच खरी आहे. २०,५६२ मिलिमीटरचे डब्ल्यूएजी-९ एचओमध्ये साडेतेवीस सेंटिमीटरचे होते, म्हणून तीन इंजिनांच्या मार्गाला पाऊण मीटर पुरतो. जागा खरी खातात ते सांधे, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रुळांचे जोड.

कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे मराठी वाचकाला एचओ परिचित आहे, पण त्याचे १६.५ मिलिमीटर अंतराचे रूळ १,४३५ मिलिमीटरच्या गेजचे प्रतिरूप आहेत, भारतीय ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटरचे नव्हेत. ज्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातून भारतीय रेल्वेचे रूळ बाहेर पडतात, त्याच भिलाईचे इंजिन बाजारातल्या तयार एचओ रुळांवर, खऱ्या मापात, २४१ मिलिमीटर अरुंद मार्गावर उभे असते.