शोधफलसंख्या
शोधयंत्रास दिलेल्या शब्दांशी जुळणाऱ्या दस्तऐवजांची, निकालांच्या यादीसोबत दाखविली जाणारी एकूण संख्या. पडद्यावर एका वेळी साधारणतः दहाच निकाल येतात. उरलेले किती आहेत व शोध अधिक नेमका करावयास हवा की नाही, हे वाचकास या संख्येवरून ठरविता येते.

शोधयंत्र प्रत्येक शब्दापुढे तो ज्या दस्तऐवजांत आढळतो त्यांचे क्रमांक नोंदवून ठेवते. या नोंदींस व्यस्त सूची म्हणतात. ग्रंथाच्या अखेरीस दिलेली शब्दसूची हे तिचेच जुने रूप होय. शोध एकाच शब्दाचा असल्यास त्याच्या यादीची लांबी हीच शोधफलसंख्या होय. दोन शब्द असल्यास दोन्ही याद्यांतील समान क्रमांक मोजावे लागतात. याउलट, सर्वोत्तम दहा निकाल निवडण्यासाठी याद्या संपूर्ण वाचाव्या लागत नाहीत. गुणांकनात मागे पडणारे भाग वगळता येतात. त्यामुळे अचूक मोजणी व वेग यांत विरोध उत्पन्न होतो. इलॅस्टिकसर्च या प्रणालीत ७.० या आवृत्तीपासून (२०१९) विशेष सूचना न दिल्यास १०,००० पर्यंतच अचूक मोजणी होते. त्यापुढे ‘किमान इतके’ असे उत्तर मिळते.

काही शोधयंत्रे अंदाजे संख्या देतात. समजा, १०,००,००० दस्तऐवजांपैकी ‘लोणावळा’ हा शब्द २,००० व ‘पाऊस’ हा शब्द ५०,००० दस्तऐवजांत आहे. दोन्ही शब्द परस्परांशी असंबद्ध मानल्यास ते एकत्र असणारे दस्तऐवज १०० निघतात. परंतु लोणावळ्याविषयीच्या मजकुरात तेथील पावसाचा उल्लेख वारंवार येतो. म्हणून प्रत्यक्ष संख्या याहून पुष्कळच मोठी असण्याचा संभव असतो.

मराठीत ही अडचण अधिक जाणवते. केवळ मूळ रूप जुळविणाऱ्या यंत्रास ‘लोणावळ्यात’, ‘लोणावळ्याहून’ ही विभक्तिरूपे सापडत नाहीत व संख्या घटते. उलटपक्षी, प्रत्यय तोडून शोधणारे यंत्र मावळ तालुका, शिवकालीन मावळे व मावळता सूर्य यांची गल्लत करू शकते. मग संख्या फुगते. त्याच तालुक्यातील लेण्यांची कार्ले व कार्ला, भाजे व भाजा अशी दुहेरी नावे रूढ आहेत. रोमन लिपीतही लोणावळ्याच्या दोन लेखनपद्धती प्रचलित आहेत. मोजणीचे एकक हाही महत्त्वाचा घटक आहे. पुणे जिल्ह्याचे १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले गॅझेटिअर तीन भागांत आहे. भाग हे एकक धरल्यास त्यातून अधिकात अधिक तीन निकाल मिळतील, पृष्ठ हे एकक धरल्यास अनेक.

म्हणून शोधफलसंख्या ही उपलब्ध माहितीचे माप नव्हे. मावळातील एखाद्या गावाच्या जुन्या कागदपत्रांचा शोध घेताना ‘शून्य’ हे उत्तर आले, तरी कागद अस्तित्वात नाही असे सिद्ध होत नाही. दिलेले रूप त्या सूचीत नाही, एवढेच त्यावरून कळते. अभ्यासकाने नावाची सर्व रूपे तपासून पाहणे आवश्यक असते. संख्या अचूक, किमान की अंदाजे आहे आणि ती कोणत्या एककाची आहे, याचा निर्देश शोधयंत्राने तिच्यासोबत करणे इष्ट ठरते.