मुंबई ते नागपूर : अंतर आणि वेळ

हवाई अंतर : सरळ रेषेत सुमारे ६८५ किमी, म्हणजे साधारण ३७० सागरी मैल.

रेल्वे : सीएसएमटीपासून ८३७ किमी. नागपूरच्या बऱ्याच गाड्या ठाण्याला थांबतात. मुलुंडकरांना तेच सोयीचे.

रस्ता : समृद्धी महामार्ग ७०१ किमी, नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे. जून २०२५मध्ये पूर्ण खुला. उपनगरांतून आमण्यापर्यंतचे अंतर वेगळे.

विमानाची वेळ : वेळापत्रकात साधारण दीड तास. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे त्यातच धरलेले. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून कमी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत.

वारा : हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरदार असतात. नागपूरला जाताना ते पाठीशी, परतताना समोर.

टर्मिनल : टी-१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ अंधेरी पूर्वेला सहारला. तिकिटावरचे टर्मिनल निघण्याआधीच पाहावे.

मेट्रोने टी-२ : घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो-१ने मरोळ नाका, तिथे मेट्रो-३ पकडून पुढचेच स्थानक. बोरिवलीकरांनी लोकलने अंधेरी गाठावी. ‘एअरपोर्ट रोड’ स्थानकाच्या नावावर जाऊन तिथे उतरू नये. मेट्रो-३ तिथे मिळत नाही. टी-१ला जायचे असल्यास त्याच मेट्रो-३ने टी-२ आणि सहार रोड ओलांडून पुढे.

नागपूरचा विमानतळ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सोनेगाव.