धागा कापणारे हात, सही करणारे हात

जीन्स शिवून झाली तरी तिचे धागे सुटे राहतात. खिशाच्या कोपऱ्यात, झिपच्या पट्टीवर, मांडीच्या शिवणीत. ते कापायचं काम उल्हासनगरात बायका घरबसल्या करतात. कारखान्यातून गठ्ठा येतो, पोरं शाळेत गेली की छोटी कात्री चालू लागते, संध्याकाळी नग मोजले जातात. नगामागे हातात काही पैसेच पडतात. कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाणार का, या प्रश्नावर यंदा प्रत्येक व्यासपीठावर परिसंवाद झडले. त्यातल्या एकाही वक्त्याने या कात्रीचं नाव घेतल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. माझ्या मते हिशेब तिथूनच मांडायला हवा.

संगणकशास्त्रज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ साली एक गोष्ट नोंदवून ठेवली. बुद्धिबळासारखं माणसाला अवघड वाटणारं काम यंत्राला सोपं जातं. वर्षाचं मूल जे सहज करतं, म्हणजे बघणं, उचलणं, तोल सांभाळणं, तिथे यंत्राची दमछाक होते. कापड हे याचं चोख उदाहरण. पत्रा जिथे ठेवाल तिथे राहतो. कापड लोंबतं, दुमडतं, ताणलं की आकार बदलतं. २०१६ साली सेवबो नावाच्या अमेरिकी उद्योगाने यंत्रमानवाकडून अख्खा टी-शर्ट शिवून घेतला, तोही पाण्यात विरघळणारं द्रव्य लावून कापड आधी पुठ्ठ्यासारखं ताठ केलं तेव्हा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचातला कारागीर तेच कापड डाव्या हाताच्या दोन बोटांनी सरकवतो आणि नजर मोबाईलकडे असते.

म्हणून जीन्सचा धंदा सुरक्षित आहे असं मात्र नाही. लिव्हाइसने २०१८ साली जीन्स ‘जुनी’ दिसावी म्हणून होणारं घासकाम लेझरकडे सोपवायचं जाहीर केलं. तासाला दोन-तीन जीन्स व्हायच्या, तिथे एक जीन्स नव्वद सेकंदांत होऊ लागली. त्याच सुमारास आपल्याकडे जीन्स धुण्याचे, म्हणजे वॉशचे, कारखाने बंद पडले, पण लेझरमुळे नव्हे. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणाचा खटला हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि रंगीत पाणी नाल्यात सोडणाऱ्यांवर टाच आली. नदीची बाजू न्याय्यच होती. कामगार मात्र एका आठवड्यात रिकामा झाला, आणि त्याच्यासाठी कुणी परिसंवाद भरवला नाही.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला नोकऱ्यांचा इतिहास असा आहे की यंत्राला एकट्याला दोष देता येत नाही. अंबरनाथची विमको घ्या. स्वीडिश भांडवलाची ही काडेपेटी कंपनी १९२० च्या दशकात आली, स्वयंचलित यंत्रं घेऊन. काडी तासण्यापासून पेटी भरण्यापर्यंत सगळं यंत्रावर. तिला हरवलं कुणी? शिवकाशीच्या हातांनी. हातकामाच्या काडेपेट्यांना सरकारने अबकारी करात सवलत दिली, वर तिथली मजुरी मातीमोल, आणि कित्येक वर्षं त्या हातांत लहान मुलांचे हातही होते. पुढे लायटर आले, २००५ मध्ये विमको आयटीसीच्या ताब्यात गेली, अंबरनाथचा भोंगा थांबला. शहाडच्या पुढच्याच स्टेशनापाशी, आंबिवली-मोहन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी २००९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. तिथेही कामगारांच्या पोटावर पाय दिला तो ताळेबंदाने, यंत्रमानवाने नव्हे. कॅम्प एकच्या वेशीवर सेंच्युरी रेयॉनची चिमणी अजून धूर सोडते, म्हणून निदान ‘कंपनीत आहे’ हे वाक्य इथे लग्नाच्या बोलणीत टिकून आहे.

विमकोच्या गोष्टीत मला पुढचं सगळं दिसतं. यंत्र किती हुशार, हा प्रश्न मालकाला दुसरा पडतो. पहिला असतो, माणूस किती स्वस्त. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये अंदाज वर्तवला की जगातल्या ४० टक्के नोकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्पर्श होईल, श्रीमंत देशांत ६० टक्के आणि गरीब देशांत २६ टक्के. हा आकडा वाचून आपल्याकडे काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला. धागा कापणारी बाई सुरक्षित आहे, कारण तिच्यापेक्षा स्वस्त यंत्र बनत नाही. ही सुरक्षितता तिला कुणी ओवाळणीत दिलेली नाही.

खरा धोका आहे तो बदलापूरच्या फलाटावर. पहाटेच्या सीएसएमटी लोकलला जी गर्दी असते, तिच्यातले पुष्कळ जण साठ किलोमीटरहून लांब जाऊन खुर्चीवर बसतात. बँकेचं बॅक ऑफिस, विम्याचे दावे, ऐरोली-पवईची कॉल सेंटरं, सीएच्या ऑफिसात टॅली. या घरांतली आधीची पिढी कंपनीत होती. पुढची पिढी बीकॉम झाली, टायपिंगच्या क्लासला गेली, तीस शब्द आणि चाळीस शब्दांची परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलं. २००१ पासून त्याला एमएस-सीआयटीची जोड आली. चाळीतून फ्लॅटमध्ये जायचा जिना हाच होता, आणि त्याची पहिली पायरी कंटाळवाण्या कामाची होती: नोंदी भरा, पत्राचा मसुदा करा, ग्राहकाला ठरलेलं उत्तर द्या, दोन तक्ते जुळवा. नेमकं हेच काम आता यंत्राला जमतं, आणि बरं जमतं. वरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना त्याची मदतच होते. जो अजून जिन्याखाली उभा आहे, त्याला पाय ठेवायला जागा राहत नाही.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करणार असं सांगितलं. कंपनीचं म्हणणं असं की कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही हे आहे. ते खरंही असेल. पण कपात झाली की बातमी होते. भरती न झाल्याची बातमी कुठेच येत नाही. दहा मुलींऐवजी चारच घेतल्या, तर उरलेल्या सहा जणींना कुणी कामावरून काढलेलं नसतं. त्यांच्यासाठी कुठली युनियन भांडणार?

आता मर्यादांकडे येतो. हे यंत्र वाक्यापुढे वाक्य जुळवतं. ते खरं असतं बऱ्याचदा, पण खरं-खोटं पारखण्याची त्याची सोय कच्ची आहे, आणि खोटं सांगतानाही त्याचा आवाज कापत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला; त्यात आधाराला घेतलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेलं डोळे मिटून वापरू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाने सुनावलं. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीचा बचाव थक्क करणारा होता: चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या लवादाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. स्वीडनच्या क्लार्नाने त्याच महिन्यात, आमचं यंत्र सातशे माणसांचं काम करतं, असा डंका पिटला आणि २०२५ मध्ये दर्जा घसरल्याचं मान्य करून पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. उत्तर कुणीही देईल. त्याखाली सही कोण करणार, यावर गाडी अडते.

दुसरी मर्यादा आमच्या कॅम्पांत जास्त जाणवते. यंत्र शिकतं ते लिहिलेल्या मजकुरावर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, आणि गजानन मार्केटच्या गल्ल्यांत सिंधी, हिंदी, मराठी अशी खिचडी बोली तयार झाली. सिंधी १९६७ पासून आठव्या अनुसूचीत आहे, पण अरबी आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत वाटली गेल्याने तिचा मजकूर आधीच तुटपुंजा. जुने व्यापारी वह्या ठेवत त्या हटवाणिका लिपीत. तिचं खुदाबादी रूप युनिकोडमध्ये आलं तेच २०१४ साली. भावाची घासाघीस तर कधी कागदावर उतरलीच नाही. उधारी कुणाला द्यायची, ‘परवा देतो’ म्हणजे नेमकं कधी, कुणाच्या बापाचा शब्द चालतो, हे गल्ल्यावरच्या शेठला ठाऊक असतं आणि त्याच्या मुनीमाला.

(उल्हासनगरवर नकली मालाचा शिक्का मारणाऱ्यांनी एक बातमी वाचावी. लेखकांच्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती वापरल्याच्या दाव्यात अँथ्रोपिक या कॅलिफोर्नियातल्या कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. आमच्या पोरांनी नुसती दुसऱ्यांची लेबलं शिवली होती.)

पण या मर्यादांवर विसंबून बसणं धोक्याचं आहे. मालकाला यंत्र अचूक लागत नाही, पुरेसं लागतं. दहा उत्तरांतल्या दोन चुका ग्राहकाने सोसल्या तर माणसांचा पगार वाचतो. रेल्वेने तिकीट खिडकीवरची रांग कमी करायला एटीव्हीएम यंत्रं बसवली, आणि लवकरच त्यांच्या शेजारी बटणं दाबून देणारी माणसं उभी करावी लागली. बरेचदा ते निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात आणि त्यांना कमिशन मिळतं. पाहणारा म्हणेल, बघा, माणूस लागलाच की! लागला खरा. पण खिडकीतल्या कारकुनाला पगार होता, रजा होती, पेन्शन होती. यंत्राजवळच्या माणसाला आहे ती तिकिटामागची टक्केवारी. कॉल सेंटरमध्येही असंच होईल अशी मला भीती आहे. यंत्र बोलेल, त्याचं बिनसलं की माणूस मध्ये पडेल, आणि त्या माणसाचा मोबदला धाग्यासारखा नगावर मोजला जाईल.

हे टाळता येण्याजोगं आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांचा निदान उल्लेख तरी आहे. यंत्राच्या चुका निस्तरणाऱ्याचा कुठेच नाही. यंत्राने तयार केलेल्या प्रत्येक आदेशावर, दाव्यावर, अहवालावर एका पगारी माणसाचं नाव असलं पाहिजे, आणि ते तपासायला त्या माणसाला वेळ मिळाला पाहिजे, एवढी एक अट सरकारी कंत्राटांत घालता येईल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन नगरांचे कारभारी आपल्या मालमत्ता कराच्या नोटिसांपासून सुरुवात करू शकतात. चुकलेली नोटीस घेऊन माणूस खिडकीवर गेला की आजवर निदान ओरडायला समोर कुणीतरी असायचं. बीकॉम झालेल्या मुलीला त्या खिडकीमागे बसवा, चुका शोधायचे पैसे द्या. दोन वर्षांत ती करप्रणाली शिकेल, आणि यंत्र कुठे घसरतं हेही.