चाकांवरचे बिऱ्हाड : तिन्ही बंद, खिडकी उघडी

आपल्या सातारा-सांगली भागाला प्रवासाची हौस जुनीच आहे. एके काळी बैलगाडीत भाकरीचे गाठोडे, पाण्याची घागर आणि घोंगड्या टाकून माणसे जत्रेला निघत. आजही आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात लोणंदला येते, तेव्हा दिंड्यांबरोबर त्यांचे ट्रक चाललेले दिसतात. त्यांत शिधा, भांडी, गॅस, तंबू, अंथरुणे असे सगळे बिऱ्हाड असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. आपले चाकांवर असते एवढाच फरक.

अलीकडे हीच पद्धत सहलीसाठीही रूढ होत आहे. चार घरची माणसे मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात, बरोबर शेगडी आणि शिधा घेतात आणि आठ-पंधरा दिवस फिरून येतात. काही जण आतच पलंग, ओटा, फ्रीज आणि संडास असलेली कॅराव्हॅन भाड्याने घेतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरणही आणले. पाहण्यासारखे तर आपल्या दारातच आहे. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. प्रतापगड आणि पन्हाळा २०२५ साली इतर दहा किल्ल्यांबरोबर त्या यादीत आले. सांगलीहून निघाले की विजापूरचा गोल घुमट, बदामीची लेणी, पट्टदकल आणि हंपी अशी छान फेरी होते. अजिंठा-वेरूळ तर १९८३ पासून या यादीत आहेत.

अशा सहलीला निघालेली मंडळी आदल्या दिवशी दवाखान्यात येतात. 'डॉक्टर, उलटीच्या, जुलाबाच्या आणि तापाच्या गोळ्या लिहून द्या,' म्हणतात. मी त्या लिहून देतो. मग विचारतो, 'रात्री झोपणार कुठे आणि कसे?' बहुतेकांचे उत्तर असते, 'गाडीतच. ए.सी. लावून, काचा बंद करून.' आजचा लेख या उत्तरासाठी आहे. उलटी, जुलाब यांनी सहलीची मजा जाते. बंद गाडीत मात्र रात्रीत अख्खे कुटुंब जाऊ शकते.

न दिसणारा, वास नसलेला वायू

पेट्रोल, डिझेल, कोळसा, लाकूड किंवा गॅस यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो घशात खवखवत नाही. धुराने निदान डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि माणूस बाहेर पळतो. हा वायू तशी कोणतीच सूचना देत नाही.

तो शरीरात काय करतो, ते एस.टी.च्या उदाहरणाने सांगतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन म्हणजे एस.टी. गाडी समजा. फुप्फुसाच्या स्टँडवर ती प्राणवायूचे प्रवासी घेते आणि मेंदू, हृदय अशा गावी नेऊन सोडते. कार्बन मोनॉक्साईड हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा गडी आहे. हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ताकद प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. त्याने धरलेल्या जागा लवकर सुटत नाहीत. गाडी भरलेली दिसते, फेऱ्याही मारते. पण मेंदूच्या गावी प्राणवायूचा प्रवासी उतरतच नाही.

जागेपणी या विषबाधेत डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, हातपाय गळून जातात. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. झोपेतून तो बेशुद्धीत जातो आणि तेथून परत येत नाही.

ही भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा वायू गाडीच्या तळाच्या भोकातून आत शिरला होता, असे तज्ज्ञांच्या तपासणीत आढळले. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन येथे सहलीला गेलेले केरळमधील आठ पर्यटक एका खोलीत मरण पावले. त्यांत चार मुले होती. थंडी होती म्हणून दारे-खिडक्या लावून गॅसचा हीटर पेटवलेला होता.

गाडीत हे का घडते? उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले की सायलेन्सरचा धूर गाडीखाली आणि आजूबाजूला साठतो. चालत्या गाडीत तो मागे पडतो, उभ्या गाडीत तसे होत नाही. मागे भिंत असेल, गॅरेज असेल किंवा वारा पडलेला असेल तर अधिकच साठतो. बसची कॅराव्हॅन करताना पाण्याच्या नळ्या आणि वायरी नेण्यासाठी तळाला भोके पाडलेली असतात. एखादे भोक नीट बुजवलेले नसेल किंवा सायलेन्सरचा पाईप गंजून फुटलेला असेल तर वायूला आत यायला वाट मिळते. ए.सी. चालू आहे म्हणजे ताजी हवा येते, हा मोठा गैरसमज आहे. बहुतेक वेळा ए.सी. आतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो.

महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत आणखी एक प्रकार घडतो. रात्री भाजण्यासाठी पेटवलेली कोळशाची शेगडी ऊब राहावी म्हणून गाडीत किंवा तंबूत घेतात. ज्वाला विझली, निखारा मंद झाला, आता काय होणार, असे वाटते. प्रत्यक्षात मंद धुमसणारा निखाराच हा वायू भरपूर सोडतो. थंडीला जादा ब्लँकेट घ्या, स्वेटर-कानटोपी घाला. निखारा आत घेऊ नका.

म्हणून झोपण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसाने एक फेरी मारावी आणि हा नियम म्हणावा : तिन्ही बंद, खिडकी उघडी. इंजिन बंद, जनरेटर बंद, शेगडी बंद. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटे उघड्या, डासांसाठी त्यांना जाळी. इंजिन चालू ठेवून खिडकी उघडी ठेवली तर चालेल का, असे विचारतात. चालणार नाही. तीच खिडकी धूर आत घेईल. मुक्कामाच्या ठिकाणी विजेची जोडणी मिळत असेल तर तिच्यावर ए.सी. जरूर लावा. शेजारी दुसऱ्या गाडीचे इंजिन किंवा जनरेटर चालू असेल तर आपली गाडी दूर लावा. कार्बन मोनॉक्साईड ओळखून शिट्टी देणारे छोटे यंत्र विकत मिळते. कॅराव्हॅन भाड्याने घेताना ते आहे का, हे फ्रीज आहे का याच्या आधी विचारा.

आपल्या ड्रायव्हरचीही चौकशी करा. आपण लॉजवर झोपतो आणि तो बिचारा पार्किंगमध्ये डासांमुळे काचा लावून, ए.सी. चालू ठेवून गाडीत पडतो. त्याला खोली द्या. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे काम आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे धरले होते. झोप न झालेला ड्रायव्हर पहाटे आंबेनळी घाटात स्टिअरिंगवर असणे, हेही कमी धोक्याचे नाही.

शंका आली तर

एकाच गाडीतील दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर 'सगळ्यांना पित्त झाले' म्हणू नका. प्रथम सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. दारे उघडून, इंजिन बंद करून मगच बाकीचे पाहा. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्यास सुरुवात करा. १०८ ला फोन करा आणि 'बंद गाडीत इंजिन चालू होते' हे आवर्जून सांगा.

करोनापासून पुष्कळांकडे बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. त्याला जागा भरलेली कळते, पण तेथे प्रवासी बसला आहे की रुमाल पडला आहे, हे साध्या यंत्राला ओळखता येत नाही. ते ९८ दाखवील आणि माणूस मरणाच्या दारात असेल. साध्या हवेत रक्तातील निम्मा वायू जायला चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर हेच काम साधारण तास-दीड तासात होते. म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात जायचेच. गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयविकाराचा रुग्ण असेल तर अजिबात वेळ दवडू नये.

स्वयंपाकाचा गॅस

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून वरची खिडकी उघडी असून पुरत नाही. स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर, सिलिंडर उभा ठेवून करावा आणि काम झाले की रेग्युलेटर बंद करावा. वास आला तर दिव्याचे बटणही दाबू नये. आधी दारे उघडावीत आणि माणसे उतरवावीत. चालत्या गाडीत चहा ठेवण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. गाडी चालू असताना प्रत्येकाची जागा सीटवर आणि पट्टा कमरेला. पलंग मुक्कामासाठी आहे, धावत्या गाडीत लोळण्यासाठी नाही.

इन्सुलिनसाठी इंजिन नको

काही घरी रात्रभर इंजिन चालू ठेवण्याचे कारण फ्रीज आणि फ्रीजमधले इन्सुलिन असते. त्याची गरज नाही. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली सावलीत, साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात बहुधा महिनाभर टिकते. आपल्या बाटलीची मुदत डॉक्टरांकडून समजून घ्यावी. शिल्लक बाटल्या थर्मासमध्ये, बर्फाला थेट टेकणार नाहीत अशा कापडात गुंडाळून ठेवाव्यात. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कोणतेही औषध ठेवू नका. तेथे पारा ५० अंशांच्याही पुढे जातो. लहान मुलाला तर पाच मिनिटेही आत ठेवू नये.

पाय आणि पाणी

सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केला की पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसले आहे. मुळात तो थोडा असतो. पण नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर, स्थूल आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी जपावे. दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चाला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याबरोबर धाप लागली तर ताबडतोब.

बायका आणि वयस्क पुरुष लघवीची सोय नाही म्हणून प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीची जळजळ होते, चक्कर येते, रक्तही घट्ट होते. गाडीत संडास असणे हा कॅराव्हॅनचा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा आहे. मात्र त्याची टाकी ओढ्यात किंवा कासच्या कडेला मोकळी करू नये. ती गावात, सोय असेल तेथेच करावी. पिण्याचे पाणी गाडीच्या टाकीतले नको, उकळलेले वेगळे ठेवावे. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे माप सर्वांना पाठ असावे.

पाहायला चढण्यापूर्वी

दिवसभर बसून राहायचे आणि उतरल्याबरोबर प्रतापगडाच्या पायऱ्या किंवा गोल घुमटाचा जिना चढू लागायचे, हे हृदयाला एकदम ओझे होते. आधी सपाटीवर दहा मिनिटे चालावे, मग चढावे. चढताना छातीवर दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घाम फुटला, तर 'एवढाच टप्पा राहिला' म्हणू नका. तेथेच बसा आणि मदत मागवा. उरलेला गड पुढच्या वर्षी पाहता येईल.

घाटात उलट्या होणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसून दूरच्या डोंगराकडे पाहावे, मोबाईल खाली ठेवावा. उलटीची गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. ड्रायव्हरला मात्र ती कधीही देऊ नये, तिने झोप येते.

बिऱ्हाड चाकांवर नेताना आपण पीठ, मीठ, लोणचे सगळे आठवणीने घेतो. घरात न मागता मिळणारी एक गोष्ट तेवढी मागे राहते, ती म्हणजे खेळती हवा. निघताना ड्रायव्हरसकट सर्वांकडून एकदा म्हणवून घ्या : तिन्ही बंद, खिडकी उघडी. मग खुशाल फिरा.